माळ्यावरचे नऊ सुरण

सुमनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाट्याच्या पुलावर होतो. सकाळचे सव्वानऊ झाले असतील. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गावी निघालो होतो. पुलापलीकडे अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथे परसात वाफ्यात ठेवलेले सुरण आता खड्ड्यांत लावायला झाले होते आणि कुठल्या खड्ड्यात कुठला लावायचा हे वहिनीने आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवरून मला दोनदा सांगितलं होतं. फोन बायकोचा होता, ती वहिनीजवळ थांबली होती. "परत फिरा," एवढंच म्हणाली. मी गाडी कठड्याला लावली आणि उभा राहिलो. खाडीत भरती चढत होती, दोन होड्या आत येत होत्या... मला पक्कं आठवतं, माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की आता कोणी सांगणार नाही. जे फक्त तिला आणि मला माहीत होतं, ते आता फक्त मला माहीत आहे. आणि त्या विचाराबरोबर छातीत जे क्षणभर हलकं वाटलं, त्याची लाज मला आज दोन महिने पुरते आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा ती एकवीस वर्षांची आणि मी नऊ. दादा मुंबईला गोदीत कामाला, तो शिमग्याला आणि गणपतीला येणार. घरात आई, मी आणि हे नवं माणूस. पहिल्याच दिवशी तिने मला 'भावजी' म्हटलं आणि अहो-जाहो केलं. मला तेव्हा चड्डीची नाडी धड बांधता येत नव्हती, आणि ही बाई दारात उभी राहून विचारते, "भावजी, तुमी आंघोळ करून घेताव ना?" मी आईच्या मागे लपलो होतो म्हणे. पण मला ते आवडलं होतं. मी तिला 'वहिनी, तू' म्हणायचो, ती मला 'भावजी, तुमी' म्हणायची, आणि हे उलटसुलट नातं शेवटपर्यंत तसंच राहिलं. मी चोपन्न वर्षांचा झालो, डोक्यावरचे केस गेले, तरी तिच्या तोंडचं 'भावजी' ऐकलं की कोणीतरी आपल्याला उगाचच मोठं समजतंय असं वाटायचं. आता कळतं, ती उगाच नव्हती समजत. ती वाट बघत होती मी होईन म्हणून.

तिचं माहेर संगमेश्वराकडचं, आत डोंगरातलं. तिच्या वडिलांनी लग्नात तिच्या ट्रंकेबरोबर गोणपाटात बांधून दोन सुरण पाठवले होते. आमच्या आळीत त्यावर बायकांनी बरेच दिवस हसून घेतलं. सुरण आमच्याकडे कोणी लावत नव्हतं असं नाही, पण कुंपणाच्या कडेला, आला तर आला अशा बेताने. वहिनीचं तसं नव्हतं. तिला ते माणसासारखं करावं लागायचं. सुरण एका वर्षात होत नाही हे पुष्कळांना माहीत नसतं. पहिल्या वर्षी मुठीएवढा, दुसऱ्या वर्षी नारळाएवढा, असा तो दरवर्षी जमिनीतून काढायचा आणि पुढल्या वर्षी परत लावायचा, तेव्हा चौथ्या वर्षी कुठे तो घमेल्याएवढा होतो. मधले सहा महिने तो घरात राहतो. दिवाळीनंतर पान पिवळं पडून झोपलं की वहिनी कुदळ घेऊन सुरण काढायची, माती झाडायची, खायचे आणि वाटायचे बाजूला करायची, आणि बियाण्याचे स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर पेंढ्यात नेऊन ठेवायची. ठेवायचे ते पालथे. सुरणाच्या डोक्यावर मधोमध खोलगट डोळा असतो, कोंब येतो तो तिथूनच. तो डोळा पेंढ्यात खाली गेला की सुरण निजतो, असं तिचं म्हणणं. मग अक्षय्यतृतीयेला माळ्यावर चढून एकेक सुरण उलटायचा, डोळा वर करायचा. याला ती 'उठवणं' म्हणायची. शेतकीची पुस्तकं याबद्दल काय म्हणतात मला माहीत नाही. पण उठवल्यावर आठदहा दिवसांत त्या डोळ्यातून गुलाबी, मेणासारखा कोंब वर यायचा, हे मी पंचेचाळीस वर्षं बघत आलो आहे.

पहिल्या वर्षी मी न विचारता एक सुरण उचलला आणि तेच हात मानेला लावले. जी खाज सुटली ती सांगून कळायची नाही. वहिनीने आमसुलं भिजवून माझे हात, मान, कानामागचं सगळं चोळून काढलं आणि चोळता चोळता ती इतकी हसत होती की आई तिच्यावर ओरडली. "अवो, सुरणाला विचारून हात लावायचा असतो भावजी," ती म्हणाली. दुसऱ्या वर्षी प्रसाद पोटात होता. तिला माळ्यावर चढू द्यायला आई तयार नव्हती, म्हणून वहिनीने मला हाताला खोबरेल लावून निसणीवरून वर पाठवलं. निसण म्हणजे आमच्याकडची लाकडी शिडी. ती खाली उभी राहून सांगत होती, हलक्या हाताने, घाई नको, निजलेल्या माणसाला उठवताव तसं. मी वर धुराच्या वासात गुडघ्यांवर बसून सहा सुरण उलटे केले. खाली उतरलो तर तिने आईला सांगून टाकलं, "आता हे उठवायचं काम भावजींचं." तेव्हापासून ते माझं. शाळा, कॉलेज, मिरजोळ्याच्या कारखान्यातली नोकरी, लग्न, रत्नागिरीतला फ्लॅट, या सगळ्यातून मी अक्षय्यतृतीया कधी चुकवली नाही. हे मी लोकांना अभिमानाने सांगायचो. कारखान्यात तर ही माझी ठरलेली गोष्ट होती.

आता जे सांगायचं त्याची सुरुवात इथून होते. उठवणं हे सणाच्या दिवसाचं काम. सकाळी जायचं, सुरण उलटायचे, दुपारी आमरस खायचा, ओटीवर आडवं व्हायचं, उन्हं उतरली की निघायचं. पण सुरण नुसते उठवून भागत नाही. उठवलेला सुरण माळ्यावर फार दिवस ठेवायचा नसतो. पंधरा दिवसांच्या आत तो खाली आणायचा, फणसाच्या सावलीत रेती आणि कुजलेला पाला घालून केलेल्या वाफ्यात बसवायचा, शेणकाल्याचा हात फिरवायचा, पाणी द्यायचं, म्हणजे तो तिथे मुळं धरतो आणि पाऊस लागला की खड्ड्यात जातो. उशीर झाला तर कोंब अंधारात लांब वाढतो, आणि असा लांबलेला कोंब काकडीसारखा कटकन मोडतो. हे खाली आणायचं काम कधीच सणाचं नव्हतं. ते घामाचं, कंबर मोडणारं काम. ते आधी वहिनी करायची, दादा नोकरी संपवून गावी आला तेव्हा दादा, दादा गेल्यावर पुन्हा वहिनी. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले, साखर होतीच, आणि ते काम माझ्यावर आलं. मी गेल्या वर्षी ते केलं. तिने दोनदा फोन केल्यावर.

यंदा तृतीयेला माळ्यावर नऊ सुरण होते. मी वर, ती खाली खुर्चीवर. तिने सुरणांना नावं ठेवलेली असायची, घरातल्याच माणसांची. सगळ्यांत मोठ्याला ती मामंजी म्हणायची, माझ्या वडिलांना तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. एक बारका होता, चौथं वर्ष लागलं तरी वाढत नव्हता. मी तो वरून दाखवला. "हा कोण गं?"

"तो ना? तो भावजी," ती म्हणाली. "चार वर्षं खत घालताय, नुसता जागा अडवून बसलाय."

माझी बायको हसून हसून आत गेली. मीही हसलो. निघताना वहिनी म्हणाली, "ऐतवारी उतरवायला येताव ना?" मी येतो म्हणालो.

त्या रविवारी कारखान्यात खरंच काम निघालं. मशीन बंद पडलं होतं, मला जावं लागलं. तो रविवार मी माझ्या खात्यातून वजा करतो. दुसऱ्या रविवारी पुण्याहून बायकोचा भाऊ मुलांना घेऊन आला होता आणि सगळ्यांना गणपतीपुळ्याला जायचं होतं. मी त्यांना म्हणू शकलो असतो, की तुम्ही जा, मला गावी काम आहे. दर्शन झाल्यावर सगळे समुद्रावर गेले आणि मी नारळपाणीवाल्याच्या सावलीत उभा राहून वहिनीला फोन केला. म्हटलं, "वहिनी, आज डबल शिफ्ट लागली गं. कारखान्यातच आहे."

ती म्हणाली, "कसला आवाज येतोय ओ? लाटांवानी."

"मशीनचा," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, राग नव्हता. "मशीन चालू दे तुमचं. पण कोंब बोटभर झालेत भावजी. पुढल्या ऐतवारी मात्र याच." मी अकरापर्यंत येतो म्हणून सांगितलं.

आणि तिसरा रविवार. या रविवारबद्दल मी कित्येक आठवडे कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. कारखान्यात काम नव्हतं. पाहुणे नव्हते. मला ताप नव्हता, गाडी बिघडली नव्हती. सकाळी उठलो, बाजारातून बांगडे आणले, पेपर वाचला. दहा वाजता निघायचं होतं. बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं. पुलापलीकडचा तो चढ, ते माळ्यावर वाकून बसणं, हाताला सुटणारी खाज, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मला कंटाळा आला. एवढंच. याहून मोठं कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं, मी पुष्कळ शोधलं. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर जाऊ असं ठरवून मी जेवलो आणि पलंगावर पडलो. दीड वाजता फोन वाजला. वहिनीचं नाव दिसलं. मी मोबाईल पालथा केला आणि कुशीवर वळलो.

चारला जाग आली तेव्हा रेश्माचे सहा फोन येऊन गेले होते. रेश्मा म्हणजे गावी पलीकडच्या घरातली सून. वहिनी तीनच्या सुमाराला स्वतः निसणीवर चढली होती. एकेक सुरण पदरात धरून, एक हात निसणीला, असं करत तिने सहा खाली आणले. त्या गुडघ्यांनी सहा वेळा वर आणि सहा वेळा खाली. सातव्याला पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. रेश्मा आवाज ऐकून धावली तेव्हा ती भुईवर आडवी होती आणि रेश्माला म्हणाली, "आधी त्याला बग, फुटला काय." सातवा फुटला नव्हता, त्याचा कोंब मोडला होता. माळ्यावर उरलेल्या दोघांचे कोंब नंतर खाली आणताना माझ्या हातून मोडले.

हॉस्पिटलात ती तीन आठवडे होती. साखर आटोक्यात येईना म्हणून ऑपरेशन पुढे जात राहिलं, मग छातीत कफ भरला. पण पहिले आठदहा दिवस ती पूर्ण शुद्धीत आणि बोलत होती, नंतर मधूनमधून. प्रसाद दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून आला. तो चांगला मुलगा आहे हे इथे लिहायलाच हवं. रात्रभर उभ्याने आला होता, आईला त्या अवस्थेत बघून त्याचा तोल गेला. खाटेजवळ उभा राहून तो तिला बोलला. "तुला कोणी सांगितलं होतं चढायला? सुरण बाजारात मिळत नाही का? कोणाचं ऐकायचंच नाही असं ठरवलंयस का तू? काकांना एक फोन केला असतास तर आले नसते का ते?" शेजारच्या खाटेवरची बाई तोंड फिरवून बसली. मी पायथ्याशी उभा होतो, हातात थर्मास. आता बोलायचं, असं मला वाटलं. आता, या वाक्याच्या शेवटी. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "भावजी, च्या द्या त्याला. उपाशी आलाय तो." आणि मी चहा ओतला.

प्रसाद औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी तिच्या कानाशी वाकलो. म्हटलं, "वहिनी, मी सांगतो त्याला. मी येणार होतो, आलो नाही, फोनसुद्धा उचलला नाही. सगळं सांगतो."

"सांगून काय हाड जोडणार हाय?" ती म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, "त्याचा राग लई दिवस टिकतो, बापासारखा. तुमच्याशी बोलायचा बंद होईल. मी गेल्यावर त्याला तुमीच तर हाव भावजी... माझ्यावर चिडलेला हाय ते बरं हाय. माझ्यावरचा राग जाईल त्याचा." आणि डोळे न उघडताच, "ते सहा वाफ्यात घातलेत काय? का तसेच पडलेत भुईवर?"

मी त्याच संध्याकाळी गावी गेलो. वाफा तिने आधीच करून ठेवला होता. सुरण घातले. मग रोज नाहीतर एक दिवसाआड मी पूल ओलांडत राहिलो. पंधरा वर्षांत गावी गेलो नसेन तेवढा त्या तीन आठवड्यांत गेलो. मोबाईलवर फोटो काढून आणायचा, तिच्या डोळ्यांपुढे धरायचा, ती सांगायची पाणी जास्त झालंय, पाला अजून घाला. मोडलेले तीन फेकून देऊ का विचारलं तर चिडली. "फेकताव कशाला? मधला गेला तर बाजूनं दुसरा येतो. उशिरा येतो, बारीक येतो. बगा तरी वाट." शेवटच्या दोन दिवसांत फोटो बघणं झालं नाही. तरी आदल्या संध्याकाळी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिने मला खड्ड्यांचा क्रम सांगितला. मामंजी विहिरीच्या बाजूला. भावजी फणसापासून लांब, त्याला ऊन पाहिजे.

या तीन आठवड्यांत मी केलं ते प्रायश्चित्त नव्हतं. कारण लोक म्हणायचे, काय दीर आहे, आईसारखी सेवा करतोय, आणि मी ते ऐकून घ्यायचो. बाराव्याला घर भरलं होतं. पंक्ती उठल्यावर ओटीवर माणसं बसली आणि जे बोलणं होतं ते झालं. या वयात कशाला चढायचं. हट्टीच होती पहिल्यापासून. जिभेचे चोचले, सुरण नसता खाल्ला यंदा तर काय झालं असतं. प्रसाद खाली मान घालून बसला होता. कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "तुमचं तरी ऐकायला हवं होतं तिनं." त्यावर मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोललो. मी म्हणालो, "कोणाचं ऐकायची नाही ती." माझ्या आवाजात मी ते वाक्य ऐकलं... तिने मला वाचवण्यासाठी स्वतःच्या नावावर घेतलेली गोष्ट मी तिच्या माघारी चारचौघांत तिच्या नावावर पक्की करून दिली. तिला सुरण फारसा आवडतसुद्धा नव्हता. साखरेमुळे गेली कित्येक वर्षं तिने तो चवीपुरताच खाल्ला होता. ती लावायची ते वाटायला. त्या ओटीवर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी तो गेलेला होता.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुरण खड्ड्यांत लावले, तिने सांगितलेल्या क्रमाने. त्या दिवशी जमलं नसतं तर पुढे कधीच जमलं नसतं. सहाचे कोंब धडधाकट आले, आता छत्रीसारखी पानं उघडून कमरेइतके झालेत. मोडलेल्या तिघांपैकी दोघांना बाजूने कोंब आले, बारके, उशिरा, ती म्हणाली तसेच. तिसऱ्याची माती मी बोटाने उकरून पाहिली. तो आतून पाणी होऊन गेला होता.

श्रावण लागला तेव्हा मी प्रसादला फोन केला. घरी होता, जेवून बसला होता. मी काही प्रस्तावना केली नाही. तीन रविवार, गणपतीपुळ्याहून केलेला फोन, दीड वाजता पालथा केलेला मोबाईल, हॉस्पिटलात तिने मला काय सांगितलं ते, आणि बाराव्याला मी काय बोललो ते, सगळं ओळीने सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. मी त्याची तयारी करून बसलो होतो. माझं संपल्यावर तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग मी आईला जे बोललो ते?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मी बोलत होतो तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात काका," तो म्हणाला. "चहा ओतत होतात." आणि फोन ठेवला.

इतके दिवस मला वाटत होतं की माझं गप्प राहणं ही माझी आणि वहिनीची गोष्ट आहे. त्या दिवशी कळलं, तिचा मुलगा तिला रागाने जे बोलला ते चुकीचं होतं आणि ते त्याला तिच्या समोर मागे घेता आलं असतं. तिच्या हातात तेव्हा आठदहा दिवस होते. मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर त्याने तिचा हात धरला असता. ते मी त्याच्याकडून घेतलं. वहिनी म्हणाली होती की राग जाईल. राग गेला असेलही. पण रागाच्या जागी आता मी त्याला जे देऊन बसलो आहे, ते जाणारं नाही. वहिनीचं सगळं बरोबर असायचं असं नाही. गप्प राहायला सांगितलं हे तिचं चुकलं, आणि मला सोयीचं होतं म्हणून मी ते ऐकलं.

तीन आठवडे त्याचा फोन नव्हता. गेल्या गुरुवारी मीच केला. म्हटलं, मी हे लिहून पेपरात देणार आहे, गावातली माणसं वाचतात तो पेपर, तिला हट्टी म्हणणाऱ्यांनी हे वाचावं असं मला वाटतं, पण तू नको म्हणालास तर देणार नाही. "लिहा," तो म्हणाला. "पण मी बोललो तेपण लिहा. गाळू नका." म्हणून ते वर लिहिलं आहे. नाहीतर लिहिलं नसतं. मग म्हणाला, "गणपतीला येतोय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी. दुपार होईल पोचायला."

परवा गावी गेलो होतो. गणपतीआधीची झाडलोट करायची होती. रेश्मा मदतीला आली. स्वयंपाकघरातली मांडणी पुसता पुसता ती सहज बोलल्यासारखी बोलून गेली, की त्या दिवशी वहिनीला रिक्षात घालून पाठवल्यावर घर बंद करायला ती आत आली, तर चुलीजवळ भात झाकून ठेवलेला होता, दोन माणसांचा, आणि शेजारी सुक्या जवळ्याची चटणी. ताटं दोन मांडलेली, कोरडी. ती जेवलेली नव्हती. मागच्या दारी बादलीत शेणकाला कालवलेला, त्यावर साय धरली होती. रेश्माने भात गुरांना घातला आणि ताटं उचलून ठेवली. "मला वाटलं तुमाला माहीत असंल," ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. दीड वाजता जो फोन आला होता तो सुरणांसाठी आला असं मी धरून चाललो होतो. ती जेवायची थांबली होती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी सकाळीच तिथे जाणार आहे. घर उघडीन, स्वयंपाकघर झाडीन, पाणी भरीन. मला भात नीट येत नाही, कधी गिच्च होतो कधी कच्चा राहतो, पण दोघांचा करीन. प्रसाद माझ्या ताटाला ताट लावून बसेल की सरळ माडीवर निघून जाईल, मला सांगता येत नाही. त्याला यायला उशीर झाला, अंधार पडला, तरी चालेल. तो येईपर्यंत मी जेवणार नाही.